लिहिलेली आकृति

शाळेंत भूमिति शिकलेल्या प्रत्येकास एक गोष्ट स्मरत असेल. पुस्तकांत आकृतीच्या खालीं 'कृति' या मथळ्याचीं कांहीं वाक्यें छापलेलीं असतात : अमुक बिंदु केंद्र धरून अमुक त्रिज्येचें वर्तुळ काढा, अमुक दोन बिंदु सांधा, अमुक रेषेवर लंब टाका. छापलेली आकृति हातानें झांकून ठेविली तरी त्या वाक्यांवरून ती कोऱ्या कागदावर पुन्हां उभी करतां येते. कागद लहान असो वा मोठा, आकृति त्याला साजेशी होते. आणि एखाद्या वाक्यांतील एक आंकडा बदलला तर तिचें सारें रूप पालटतें. म्हणजे आकृति ही जशी पाहण्याची वस्तु आहे, तशीच ती लिहिण्याचीहि वस्तु आहे. युक्लिडला हें ठाऊक होतें. यज्ञवेदीसाठीं खुंट्या ठोकून दोरी कशी ताणावी हें सांगणाऱ्या शुल्बसूत्रकारांनाहि तें ठाऊक होतें.

आज संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर आपण जीं वेब पानें उघडतों, त्यांवर निवडणुकीचा नकाशा असतो, पावसाचा आलेख असतो, बोट लावतांच रंग बदलणारी एखादी खूण असते. यांतील पुष्कळशा आकृती शेवटीं शब्दांत व आंकड्यांत लिहिलेल्या असतात, हें सामान्य वाचकास सहसा माहीत नसतें. ही लिहिण्याची विद्या कोठून आली, मध्यंतरीं दहा वर्षें ती अडगळींत कां पडली, आणि ती टिकली यांत आपल्यासारख्या वाचकांचा लाभ काय, एवढें सांगण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पडद्यावर चित्र उमटविण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला ठिपक्यांचा. चौकडीच्या कागदावर एक एक घर रंगवून भरतकामाचा नमुना करतात, त्याप्रमाणें चित्राच्या प्रत्येक घराचा रंग नोंदून ठेवावयाचा. छायाचित्रास हाच मार्ग योग्य. पण असा नमुना मोठा करूं गेलें कीं घरेंच मोठीं होतात, आणि वर्तुळाची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसूं लागते. शिवाय ज्या ठिपक्यांचें वर्तुळ झालें आहे, त्यांपैकीं कोणास आपण वर्तुळाचे भाग आहों याची वार्ताहि नसते. दुसरा मार्ग कृतीच्या वाक्यांचा. येथें 'केंद्र अमुक, त्रिज्या अमुक' एवढेंच नोंदलेलें असतें, आणि ठिपके भरण्याचें काम यंत्र त्या त्या वेळीं करतें. या मार्गांत वर्तुळ हें वर्तुळ म्हणूनच नांदतें. त्याला नांव देतां येतें, नांवानें हांक मारतां येते, रूप बदलण्याची आज्ञा करतां येते. पुढील इतिहास मुख्यतः या दुसऱ्या मार्गाचा आहे.

त्याचा आरंभ अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत पाहावयास सांपडतो. तेथें आयव्हन सदरलंड या तरुण विद्यार्थ्यानें १९६३ सालीं डॉक्टरेटसाठीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता 'स्केचपॅड'. त्या काळीं संगणकाशीं व्यवहार करावयाचा म्हणजे बहुधा भोंकें पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा यंत्रास द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचें. सदरलंडनें लिंकन प्रयोगशाळेंतील टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावरच प्रकाशलेखणी टेकवून रेषा ओढली. पण नुसती ओढणें हें त्याच्या शोधाचें मर्म नव्हे. प्रबंधांत त्यानें षट्कोनाचें उदाहरण दिलें आहे. आधीं हातानें वेडावांकडा षट्कोन काढावा. मग त्याचे कोपरे एका वर्तुळावर असावेत व त्याच्या बाजू समान असाव्यात असें यंत्रास सांगावें. यंत्र त्या अटी पाळून षट्कोन सुबक करतें, आणि मग तें वर्तुळ पुसून टाकावें. अशा एका षट्कोनाच्या अनेक प्रती जोडून सारा पडदा मधमाशांच्या पोळ्यासारखा भरतां येई. आणि मूळ षट्कोन बदलला कीं त्याच्या साऱ्या प्रती आपोआप बदलत. आकृति म्हणजे शाईचा डाग नव्हे, तो संबंधांचा संच आहे, हा विचार येथें प्रथमच यंत्राच्या अंगीं मुरला.

मात्र सरळ रेषा आणि वर्तुळें यांवर जगाचें भागत नाहीं. मोटारीच्या पत्र्याची वळणें, जहाजाची कड, अक्षराची वेलांटी यांना मोकळी वक्ररेषा हवी असते. ती आंकड्यांत कशी सांगावी, हा प्रश्न फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत सुटला. सित्रोएन कंपनींत पॉल द कास्तेल्झो या गणितज्ञानें १९५९ च्या सुमारास एक रीत शोधली. पण कंपनीनें ती गुप्त ठेविली. रेनो कंपनींतील पिएर बेझिए यानें स्वतंत्रपणें तीच वाट चोखाळली आणि १९६० नंतरच्या दशकांत ती जगापुढें मांडली. रीत इतकी साधी आहे कीं वाचकांनीं पट्टी-पेन्सिल घेऊन ती करून पाहावी. कागदावर चार बिंदु घ्या. पहिला व चौथा हीं रेषेचीं दोन टोकें. मधले दोन बिंदु रेषेवर नसतात, ते दुरून तिला ओढ लावतात. चारी बिंदु क्रमानें सांधले कीं तीन रेषा होतात. त्यांचे तीन मध्यबिंदु घ्या. ते सांधले कीं दोन रेषा होतात. त्यांचे दोन मध्यबिंदु घ्या. ते दोन सांधून त्या रेषेचा जो मध्य येतो, तो इच्छिलेल्या वक्ररेषेवरचा बिंदु होय. मध्याऐवजीं तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा असें घेत गेलें कीं सारी वक्ररेषा उलगडते. आज या रेषेस बेझिएचें नांव आहे, आणि ती काढण्याच्या रीतीस कास्तेल्झोचें. गुप्त ठेविलेल्या विद्येच्या कर्त्यास आपला वांटा मिळावयास किती वर्षें लागतात, हें यांतून दिसतें. आणि हाच धडा पुढें आणखी एकदां गिरवावा लागणार होता.

या वक्ररेषेनें पुढें छापखान्यांत प्रवेश केला. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांनीं १९८२ सालीं अडोबी ही कंपनी स्थापिली, आणि १९८४ मध्यें 'पोस्टस्क्रिप्ट' ही भाषा बाहेर आणिली. छपाईच्या यंत्रास ठिपके न पाठवितां पानाचें वर्णन पाठवावें, अक्षरांच्या कडाहि वक्ररेषांनीं सांगाव्यात, आणि ठिपके यंत्रानें आपल्या कुवतीप्रमाणें भरावेत, ही तिची योजना. १९८५ त अॅपल कंपनीचें लेझररायटर हें यंत्र ही भाषा घेऊन आलें, आणि लहानशा कचेरींतहि सुबक छपाई होऊं लागली. पडद्यावर आज आपण जीं मराठी अक्षरें वाचतों तींहि याच कुळांतलीं. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं घडविलेला 'मंगल' हा देवनागरी टंक विंडोजबरोबर घरोघरीं गेला. त्यांतील प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी ही बेझिएच्या वक्ररेषेच्या सोप्या प्रकारानेंच आंखलेली आहे.

इकडे स्वित्झर्लंडमध्यें जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यानें १९८९ त वेबची कल्पना मांडली. आरंभींचीं वेब पानें केवळ मजकुराचीं होतीं. १९९३ मध्यें मोझेक या ब्राउझरानें मजकुराच्या ओळींतच चित्र दाखविण्यास सुरुवात केली, तेव्हां वेबचें रूप पालटलें. पण तीं चित्रें सारीं ठिपक्यांचीं. टेलिफोनच्या तारेवरून तीं हळूहळू वरून खालीं उतरत. एखाद्या चौकटीस नुसते गोल कोपरे हवे असले तरी पान रचणारा चार कोपऱ्यांचीं चार निराळीं चित्रें कापून ठेवी व ठिगळाप्रमाणें तीं चारी बाजूंस जोडी. मथळ्यास शोभिवंत अक्षर हवें असेल तर शब्दाचेंच चित्र करून चिकटवीत. मराठी मजकुराची तर याहून बिकट स्थिति होती. जो तो आपापल्या टंकांत लिही. तो टंक वाचकाजवळ नसला कीं पडद्यावर अर्थहीन खुणांची रांगोळी दिसे, म्हणून कित्येक ठिकाणीं मजकुराचें चित्रच टांगण्यांत येई. तें डोळ्यांस दिसे. पण त्यांतला एक शब्दहि शोधतां किंवा उतरवून घेतां येत नसे.

या सुमारास वेबवर दोन गोष्टी अशा झाल्या कीं त्यांवांचून पुढची कथा घडली नसती. १९९४ च्या ऑक्टोबरांत होकोन व्हिउम ली यानें असें सुचविलें कीं पानांत काय आहे तें एका ठिकाणीं लिहावें, आणि तें कसें दिसावें याचे नियम दुसऱ्या ठिकाणीं. बर्ट बॉसच्या साह्यानें ही कल्पना वाढून १९९६ च्या डिसेंबरांत 'सीएसएस' या नांवानें मान्य झाली. दुसरी गोष्ट १९९५ ची. नेटस्केप कंपनींतील ब्रेंडन आइक यानें जावास्क्रिप्ट ही भाषा केली, आणि वाचकानें कळ दाबली असतां पानानें काय करावें हें पानांतच लिहून ठेवण्याची सोय झाली. वस्तु, तिचा वेष आणि तिचें वर्तन अशी ही तीन पदरी विभागणी होय. मजकुरास ती लागू झाली होती. आकृतीस लागू व्हावयाची होती.

१९९८ सालीं वेबचे नियम ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमपुढें दोन प्रस्ताव थोड्याच दिवसांच्या अंतरानें आले. एक अडोबी, आयबीएम, नेटस्केप व सन यांचा. दुसरा मायक्रोसॉफ्ट, मॅक्रोमीडिया आदि कंपन्यांचा. दोघांचेंहि म्हणणें एकच होतें : आकृति साध्या अक्षरांत लिहिली जावी. भाषा कोणाची असावी, एवढाच तंटा. संस्थेनें कोणा एकास माळ न घालतां क्रिस लिली याच्या अध्यक्षतेखालीं नवी मंडळी नेमिली, आणि ४ सप्टेंबर २००१ रोजीं 'स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स', म्हणजे 'एसव्हीजी', ही भाषा शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली.

या भाषेचें व्याकरण फार मोठें नाहीं. मूळ आकृती सहा : आयत, वर्तुळ, लंबवर्तुळ, रेषा, जोडरेषा आणि बहुभुज. वर्तुळ लिहावयाचें तर केंद्र आडवें ५०, उभें ५०, त्रिज्या ४०, एवढे तीन आंकडे पुरतात. एक गोष्ट मात्र नवशिक्यास प्रथम अडखळविते. शाळेंतल्या आलेखाच्या कागदावर उभें माप वर वाढत जातें. येथें तें पानाच्या वाचनाप्रमाणें वरून खालीं वाढतें. या सहांत न बसणाऱ्या सर्वांसाठीं सातवा 'पाथ', म्हणजे मार्ग. त्यांत एकेका रोमन अक्षराची आज्ञा असते : 'एम' म्हणजे लेखणी उचलून अमुक ठिकाणीं ठेव, 'एल' म्हणजे तेथून सरळ जा, 'सी' म्हणजे बेझिएच्या वळणानें जा, 'झेड' म्हणजे निघालास तेथें परत ये. यांत एक मौज आहे. अक्षर थोरल्या लिपींतलें असेल तर आंकडे पटाच्या मूळ बिंदूपासून मोजावयाचे. धाकट्या लिपींतलें असेल तर लेखणी जेथें उभी आहे तेथून. दुसरी रीत मुलांसाठीं १९६७ मध्यें निघालेल्या 'लोगो' भाषेची आठवण करून देते. तींतील यांत्रिक कांसवासहि असेंच 'इतकें पुढें चाल, इतकें वळ' म्हणून सांगत आणि तें चालतां चालतां चौकोन काढी.

आकृति अशी लिहिली कीं वर सांगितलेले तिन्ही पदर तिला मिळतात. समजा, एका प्रांताचा नकाशा आहे आणि त्यांतील प्रत्येक जिल्हा हा एक 'मार्ग' असून त्यास स्वतःचें नांव आहे. आंतला रंग कोणता, कड किती जाड, कड अखंड कीं तुटक, हें वेषाच्या नियमांत एकदांच लिहावें. नियमांतला एक शब्द बदलला कीं सारा नकाशा दुसरा रंग ल्यायला सिद्ध. पाऊस कमी पडलेल्या जिल्ह्यांस पिवळा रंग द्यावा, जिल्ह्यावर बोट ठेवतांच पावसाचा आंकडा दाखवावा, हें वर्तनाच्या चार ओळींत सांगावें. सदरलंडच्या षट्कोनाप्रमाणें एक आकृति एकदां लिहून शंभर ठिकाणीं वापरण्याचीहि सोय आहे. आणि यांतील कोणतीहि ओळ कोणासहि उघडून वाचतां येते.

इतकी चांगली व्यवस्था जन्मली, तिला मान्यताहि मिळाली. पण तिचा संसार लवकर मांडला गेला नाहीं. कारण साधें होतें. त्या काळीं बहुसंख्य लोक मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर वापरीत, आणि त्यास ही भाषा समजत नसे. त्या कंपनीची स्वतःची जुनी भाषा मात्र समजे. अडोबीनें दिलेला जोडभाग बसविला तर एसव्हीजी दिसे. पण अडोबीनें २००९ च्या आरंभीं त्याचाहि सांभाळ सोडला. फायरफॉक्सनें नोव्हेंबर २००५ मध्यें आपल्या दीड क्रमांकाच्या आवृत्तींत ही भाषा अंगभूत केली. पण एक्स्प्लोररला ती मार्च २०११ मध्यें, नवव्या आवृत्तींत, येऊं लागली. शिफारशीपासून येथवर साडेनऊ वर्षें गेलीं.

तेवढ्या काळांत मैदान 'फ्लॅश'नें मारलें. १९९६ मध्यें एका लहान कंपनीनें केलेला हा चित्रपट रचण्याचा कार्यक्रम मॅक्रोमीडियानें घेतला, आणि २००५ मध्यें मॅक्रोमीडियाच अडोबीनें घेतली. फ्लॅशमध्येंहि आकृती वक्ररेषांच्याच होत्या. त्यांना गति होती, आवाज होता, आणि चित्रकारास आंकडे न लिहितां हातानें काम करण्याची उत्तम सोय होती. शाळकरी मुलांचे खेळ, विज्ञानाचे हलते पाठ, व्यंगपट यांचें मोठें भांडार त्यांत तयार झालें. हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण फ्लॅशची वस्तु पानांत असे ती पेटींत बंद असे. पानाच्या वेषाचे नियम तिला लागत नसत, पान उघडून तिचें लेखन वाचतां येत नसे, आणि ती पेटी उघडणारी किल्ली व्यवहारांत एकाच कंपनीच्या कमरेला होती.

या दोहोंमध्यें एक तिसरी रीतहि निघाली. अॅपलनें २००४ मध्यें 'कॅनव्हस' आणला. हा शब्दशः कोरा पट होय : जावास्क्रिप्टनें आज्ञा कराव्या, त्यानें रंग भरावा, आणि भरून झाल्यावर विसरून जावें. रंगविलेलें वर्तुळ पुढें तेथें वर्तुळ म्हणून राहत नाहीं, ठिपकेच राहतात. खेळांत हजारों कण एकदम उधळावयाचे असतील तर हें विस्मरण सोयीचें, कारण प्रत्येकाची नोंद ठेवण्याचा भार यंत्रावर पडत नाहीं. ज्या आकृतीस पुढें नांवानें हांक मारावयाची आहे तिच्यासाठीं मात्र तें गैरसोयीचें. दोन्ही रीती आज नांदत आहेत, आणि जाणते लोक कामाप्रमाणें निवड करतात.

वारा फिरला तो लहान पडद्यांमुळें. २००७ मध्यें आलेल्या आयफोननें फ्लॅशला घरांत घेतलें नाहीं, आणि एप्रिल २०१० मध्यें स्टीव्ह जॉब्झनें त्याचीं कारणें जाहीर पत्रानें मांडलीं. जॉब्झची कंपनीहि आपल्या दुकानाचें दार कांहीं सताड उघडें ठेवीत नव्हती, हें येथें सांगितलें पाहिजे. पण परिणाम झाला तो झाला. वेगवेगळ्या मापांच्या व दाट ठिपक्यांच्या पडद्यांवर ठिपक्यांचीं चित्रें पुसट दिसूं लागलीं आणि लिहिलेल्या आकृतीची किंमत एकाएकीं कळली. २०११ सालींच स्टॅनफर्डमधील माइक बोस्टॉक, व्हादिम ओगिएव्हेत्स्की व जेफ्री हीर यांनीं 'डी-थ्री' हें साधन प्रसिद्ध केलें. आंकड्यांच्या कोष्टकांतील प्रत्येक ओळीस पानावरील एकेक आकृति बांधून टाकावी, आंकडा बदलला कीं आकृति बदलावी, असें त्याचें सूत्र. वृत्तपत्रांतील हलते आलेख व नकाशे यांस त्यानें मोठें बळ दिलें. २०१४ त एचटीएमएलच्या पांचव्या आवृत्तीची शिफारस झाली. तींत आकृतीचें लेखन मजकुराच्या शेजारींच, त्याच पानांत लिहिण्याची मुभा आहे.

फ्लॅशचा शेवट ३१ डिसेंबर २०२० रोजीं झाला. अडोबीनें त्याचा सांभाळ थांबविला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून तें चालविणारा जोडभाग आपण होऊनच चालण्याचें नाकारूं लागला. पेट्या जागच्या जागीं राहिल्या. किल्ली काढून घेतली. इंटरनेट अर्काइव्ह या ग्रंथसंग्रहानें नोव्हेंबर २०२० पासून 'रफल' नांवाच्या, फ्लॅशची नक्कल करणाऱ्या, कार्यक्रमाच्या साह्यानें कित्येक खेळ व व्यंगपट वांचविले. पण कोणीं उचलून नेले नाहींत असे शिक्षकांनीं खपून केलेले पाठ व मुलांनीं रचलेले खेळ हे पुन्हां उघडावयाचे कसे? उलट २००१ च्या नियमांप्रमाणें नीट लिहिलेलें वर्तुळ आजच्या ब्राउझरांत उघडतें. आणि उद्यां सारे ब्राउझर नाहींसे झाले तरी त्याचे तीन आंकडे वाचून कोणीहि तें कंपासानें कागदावर काढूं शकेल.

हें सारें केवळ कारागिरांचें भांडण आहे असें आम्हांस वाटत नाहीं. लिहिलेल्या आकृतींत शब्द हे शब्दच राहतात. नकाशावर 'रत्नागिरी' लिहिलें तर तें देवनागरींतील खरें अक्षर असतें : तें शोधतां येतें, उतरवून घेतां येतें, मोठें करतां येतें. या भाषेंत प्रत्येक आकृतीस शीर्षक व वर्णन जोडण्याची जागा ठेविलेली आहे, आणि तेवढें लिहिलें तर ज्यास दृष्टि नाहीं त्यासहि यंत्र तें वाचून दाखवूं शकतें. शब्दांचें चित्र करून टांगण्याच्या दिवसांत हें शक्य नव्हतें. सरकारी आंकड्यांवरून काढलेला नकाशा जेव्हां आपल्यापुढें येतो, तेव्हां त्याचा आंतला मजकूर उघडून 'या जिल्ह्यास हा रंग कां?' असें विचारण्याची सोय वाचकास असणें ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु सोय असणें आणि ती वापरणें यांत अंतर आहे. आज बहुतेक आकृती चित्रकाराच्या साधनांतून आपोआप लिहून निघतात. त्यांत आंकड्यांच्या लांबच लांब रांगा असतात; नांव नाहीं, शीर्षक नाहीं, वर्णनाची जागा रिकामी. पुष्कळ पानांत कोड इतकें दाबून ठेवलेलें असतें कीं तें उघडें असूनहि वाचवत नाहीं. बंद पेटीचा काळ गेला असें समजून आपण स्वस्थ बसलों, तर दार उघडें आणि आंत अंधार अशी स्थिति व्हावयाची.

यावर उपाय घराघरांतच आहे, आणि तो खर्चाचा नाहीं. संगणकांतील अगदीं साधी टिपणवही उघडावी, पांच-सहा ओळींत एक वर्तुळ व एक त्रिकोण लिहावा, आणि ती फाइल एसव्हीजी या नांवानें जपून ब्राउझरांत उघडावी. इयत्ता सातवी-आठवींतील मुलास हें एका दुपारीं जमतें. त्रिज्येचा आंकडा बदलतांच वर्तुळ वाढलेलें पाहिलें, कीं भूमितीच्या पुस्तकांतील 'कृति' ही केवळ गुणांसाठीं पाठ करावयाची वाक्यें नव्हेत हें त्याला कोणी सांगावें लागणार नाहीं. मराठी शाळांतील गणिताच्या शिक्षकांनीं हा प्रयोग वर्गांत करावा, आणि मुलांनीं लिहिलेल्या प्रत्येक आकृतीस मराठींत शीर्षक द्यावयास लावावें, अशी आमची त्यांस विनंती आहे.